घरटी एक जनावर

ह्यांचं नाव महिपती धोंडिबा घारे. लग्नाला चोपन्न वर्षं झाली, तोंडानं मी ते कधी घेतलं नाही, पण लिहायला हरकत नसावी. लिहिलेलं नाव काही मागं वळून ओ देत नाही. यापुढं मात्र ‘हे’ म्हणूनच सांगते, नाहीतर कुणा परक्या माणसाची गोष्ट चाललीय असं मलाच वाटायचं.

सोमाटण्यावरून आत पवना नदीच्या अंगाला वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. पूर्वी सत्तावन्न घरांत गुरं होती, आता अकरा घरांत उरलीत. बाकीच्यांचे गोठे तेच आहेत, पत्रेही तेच, आत मोटारसायकली बांधलेल्या असतात.

हे शेजारच्या गावी ढोरांच्या दवाखान्यात परिचर होते, पस्तीस वर्षं. डॉक्टरनं सुई भरायची आणि ह्यांनी जनावर धरायचं, अशी ती नोकरी. मारका बैल आला की डॉक्टर चार पावलं मागं सरायचे. हे बैलाच्या नाकपुड्यांत दोन बोटं घालून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे आणि बैल मान खाली घालायचा. काय पुटपुटता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “त्याला सांगतो, मलाबी घाई न्हाई.”

दर चार-पाच वर्षांनी सरकारची गुरांची मोजणी निघायची. डॉक्टर दवाखान्यात बसायचे आणि आमच्या वाडीत घरोघर फिरायचं काम ह्यांच्याकडं. त्याची एक रीत होती. दारात उभं राहायचं, पण गोठ्याकडं पाठ करून. जनावरं किती, असं विचारायचं नाही. दावी किती, असं विचारायचं. दावं मोजलं तर दाव्याला कुणाची दृष्ट लागत नाही. बाप्ये तेव्हा वावरात असायचे, त्यामुळं सांगायच्या त्या बाया. आणि वाडीतली प्रत्येक बाई एक जनावर मागं ठेवून सांगायची. चार असली तर तीन, तीन असली तर दोन. मागं ठेवायची ती कुठली, तर सगळ्यात दुभती, नुकती व्यालेली. भाकड म्हशीला कोण दृष्ट लावतंय.

मीही ठेवायचे. नवरा मोजणीवाला म्हणून काय झालं. हे आमच्याच दारात येऊन गोठ्याकडं पाठ करून उभे राहायचे, “दावी किती?” म्हणून परक्यासारखं विचारायचे. मी “दोन” म्हणायचे. ते दोन लिहायचे. संध्याकाळी तिसरीची धार तेच काढायचे. त्यात आम्हा दोघांनाही कधी काही वावगं वाटलं नाही. ह्यांचं म्हणणं असं की बाईनं सांगितलं ते लिहायचं. तिनं सांगितलं नाही आणि आपण डोळ्यानं बघून लिहिलं, तर ती तिच्या गोठ्यातली चोरी झाली. ह्यांच्या वहीत एकही खाडाखोड नसायची. डॉक्टर म्हणायचे, आकडा बघावा तर महिपतीचा.

आता स्नेहलचं सांगते, कारण घोळ तिथनं सुरू झाला.

स्नेहल ही आमच्या थोरल्याची मुलगी. पुण्यात मोठं शिक्षण घेते, पर्यावरणाचं. यंदा होळी झाल्यावर लॅपटॉप घेऊन वाडीत राहायला आली. म्हणाली, एक मोठा निबंध लिहायचा आहे, ऐंशी पानांचा, तो झाला की शिक्षण पुरं. विषय काय, तर भारत आणि हॉलंड या दोन देशांच्या शेतीतून हवेत वायू किती जातो, आणि गेल्या साठ वर्षांत तो कुठं वाढला, कुठं घटला.

हॉलंड आम्हाला अगदीच परकं नाही. मावळात गुलाबाची पॉलिहाऊसं आली तेव्हा रोपं तिकडची आली. आमचा पुतण्या कैलास अशाच एका पॉलिहाऊसवर सुपरवायझर आहे, त्याच्या तोंडी उठता-बसता हॉलंड असतं. पण तो गुलाबाचा देश एवढंच ठाऊक होतं. तिथं गाई आहेत आणि त्या ढेकर देतात, हे नवीन.

ढेकर म्हणते ती थट्टा नाही. स्नेहलनं आम्हा दोघांना ओट्यावर बसवून नीट सांगितलं. गुरं रवंथ करतात तेव्हा त्यांच्या पोटात मिथेन नावाचा वायू होतो. तो तोंडावाटे बाहेर पडतो, वर जातो आणि हवा तापवतो. भातखाचरात पाणी तुंबून राहतं त्यातून तोच निघतो. उकिरड्यातून आणखी निघतो. हे ऐकत होते आणि गोठ्याकडं बघत होते. आमची म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती.

“म्हंजी ही बसल्या जागी पाप करतीया,” हे म्हणाले.

स्नेहल म्हणाली पाप नाही, नुसतं मोजमाप आहे. मग ह्यांनी विचारलं की हिचा ढेकर मोजला कुणी. ती म्हणाली, एकेकीचा कुणी मोजत नाही. एका जनावरामागं वर्षाला इतका वायू, असं धरतात आणि देशातल्या जनावरांच्या संख्येनं गुणतात.

“आन् संख्या कुटनं आनत्यात?”

“मोजणीतून, आबा. तुम्ही करायचात तीच.”

ह्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच होता.

स्नेहलचं लक्ष नव्हतं. तिनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक आपली, ती घाट चढल्यासारखी वर वर गेलेली. दुसरी हॉलंडची, आधी चढलेली आणि मग उतरलेली. ह्यांनी विचारलं, चढणं चांगलं का उतरणं. उतरणं, ती म्हणाली. मग आपण हरलो, हे म्हणाले. तसं नाही, ती म्हणाली. त्यांची एक गाय आपल्या गाईपेक्षा खाते जास्त, त्यामुळं एकीचा वायू जास्त. पण ती दूधही पुष्कळ देते, त्यामुळं लिटरमागं कमी. आणि माणशी बघायला गेलं तर आपला कमी. मी म्हटलं, बाई गं, मग जिंकलं कोण ते एकदा ठरव आणि मला सांग, मी भाकरी टाकायला जाते.

दोन दिवसांनी ती ह्यांच्याजवळ येऊन बसली. तिच्या मॅडमनी सांगितलं होतं की देशाचा आकडा खालून कसा तयार होतो ते दाखवायला दोन्हीकडचं एकेक गाव घे. हॉलंडचं एक गाव तिनं घेतलं होतं. आपल्याकडचं म्हणून आमची वाडी. महिनाभर खपून तिनं जुन्या मोजण्यांचे आकडे जमवले होते. त्यात दोन हजार तीन साली वाडीत एकशे अडुसष्ट जनावरं. दोन हजार सात साली दोनशे एकोणीस.

“आबा, आजूबाजूच्या प्रत्येक गावात या चार वर्षांत गुरं कमी झालीत. आपल्याच वाडीत एक्कावन्न वाढली कशी?”

हे जरा वेळ पायाचा अंगठा बघत राहिले. मग म्हणाले, वासरं झाली असतील.

“एकाच वाडीत?”

“पानी चांगलं हाय आपल्याकडं.”

ह्यांनी नातीला खोटं सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि सांगितलंही इतकं वाईट, की म्हशीनंसुद्धा मान वळवली.

स्नेहलनं ते तसंच मॅडमना कळवलं. मॅडमचा फोन आला. त्यांचं म्हणणं पडलं की हे पटत नाही. एकतर तू आकडे टाईप करताना चुकलीस, नाहीतर आकडेच भरवशाचे नाहीत. येत्या सोमवारपर्यंत खुलासा दे, नाहीतर ते गाव काढून टाक आणि दुसरं घे. स्नेहल रडली नाही, ती रडणारी नाही. पण तिनं कागद आवरून पिशवीत घातले.

ह्यांचं तर विचारूच नका. सकाळी उठून शालूआक्काच्या दाराशी जायचे आणि परत यायचे. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, कैलासची आई. थोरले भावजी जाऊन तीस वर्षं झाली. आमची दोन घरं पाठीला पाठ लावून आहेत, मधल्या दारानं येणं-जाणं. पण हे मधलं दार सोडून लांबून वळसा घालून पुढच्या दाराशी जायचे, उभे राहायचे, आणि तिथूनच मागं फिरायचे. दोन वेळा मी बघितलं. तिसऱ्या वेळी विचारलं, की तिथं देव बसवलाय का, नुसतं दर्शन घेऊन येताय.

तेव्हा म्हशीला धुता धुता ह्यांनी मला सांगितलं. एवढी वर्षं एका घरात राहून मला जे ठाऊक नव्हतं ते.

दोन हजार तीनची मोजणी झाली, त्याच्या पुढच्या साली पावसाच्या तोंडाला घटसर्पाची लस आली. घटसर्प म्हणजे म्हशीचा गळा सुजतो, घरघर लागते आणि दिवसाच्या आत खेळ संपतो. लस बर्फाच्या डब्यातून आली, मोजून एकशे अडुसष्ट जनावरांची. कारण वहीत तेवढीच होती. डॉक्टर वही घेऊन बरोबर. आता ज्या बायांनी मोजणीत तीन सांगितली, त्यांनी वही बघून तीनच बाहेर काढली. चौथी कशी काढणार, साहेबासमोर खोटं पडायचं. आक्कानं दोन सांगितली होती, तिनं दोन काढली. तिसरी, नुकती व्यालेली, आत वैरणीच्या आडोशाला होती. तिचं रेडकू बाहेर राहिलं म्हणून ती आतून हंबरली. ह्यांनी ते ऐकलं. आक्कानं ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी गोठ्याकडं पाठ केली.

दुपारी आक्का एकटी दवाखान्यात आली. म्हणाली, एक सुई उरली असंल तर द्या. उरली नव्हती. ह्यांनी सांगितलं, “सरकारनंच कमी धाडली, वैनी.” तिला वाईट वाटू नये म्हणून ते सुचलं तसं बोलले.

अकरा दिवसांनी ती म्हैस गेली. वाडीत आणखी आठ गेली, सगळी मागं ठेवलेली, सगळी दुभती. आमची वाचली ती नशिबानं. आक्काच्या त्या म्हशीचं दूध लोणावळ्याला तुंगार्लीच्या बंगल्यांवर जायचं, त्यावर कैलासची बारावी चालली होती. ती त्या साली सुटली आणि तो पॉलिहाऊसवर कामाला लागला. एकवीस वर्षं आक्का सरकारला शिव्या देत आली. मंत्री कुणीही असो, आक्काच्या शिव्या ठरलेल्या, की माझ्या म्हशीच्या वाटणीची सुई मंत्र्यांनी खाल्ली.

पुढची मोजणी आली तेव्हा ह्यांनी मनाशी ठरवलं. बायांना काही कळू द्यायचं नाही, डॉक्टरला काही सांगायचं नाही. बाई तीन म्हणाली की चार लिहायची, दोन म्हणाली की तीन. घरटी एक वाढवायचं. सत्तावन्न घरं, सत्तावन्न जनावरं. बायांनी सांगितली एकशे बासष्ट, वहीत गेली दोनशे एकोणीस. त्यानंतर लस पुरायला लागली. बायांना वाटलं, सरकार सुधारलं.

“मग ह्यात चूक काय झाली?” मी म्हटलं.

“तेच कळंना,” हे म्हणाले. “आधीचा आकडा बायांनी सांगितला तसा लिवला, तो खोटा हुता. नंतरचा मी मनानं लिवला, तो खरा हुता. पन खोटं तर मी नंतरच केलं न्हवं?”

मी चौथी शिकलेली. मी म्हटलं, म्हशीच्या शेपटीकडची बाजू राहिली धुवायची.

पुढं आणखी एक गुंता होता. दोन हजार बाराच्या मोजणीतही ह्यांनी घरटी एक वाढवलं. पण तोवर लस पुरते हे बघून कितीएक बाया खरा आकडा सांगायला लागल्या होत्या. कुणी लागली, कुणी नाही, हे ह्यांना माहीत नाही. त्यामुळं त्या साली वहीत काही जनावरं अशी आहेत की जी कुठल्याच गोठ्यात नव्हती. निवृत्त झाल्यापासून हे त्या जनावरांचा हिशेब मनात लावत होते, आणि आता नात म्हणते की देशाचा आकडा त्यांच्यावर उभा आहे.

शुक्रवारी ह्यांनी स्नेहलला आडून विचारलं, की समज एका गावात पन्नास इकडं-तिकडं झाली, तर देशाचं किती बिघडतं. ती म्हणाली, काही नाही आबा, देशात कोट्यवधी जनावरं आहेत, पन्नास म्हणजे केसाएवढंही नाही. हे ऐकून ह्यांना बरं वाटायला हवं होतं. उलट तोंड पडलं. “मग तुजी मॅडम त्या केसावर अडून का बसलीया?” असं म्हणून उठून गेले. आणि पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाले, “पन समज परत्येक गावातल्या परत्येक बाईनं एक मागं ठिवली, तर?” स्नेहल लॅपटॉप बंद करून त्यांच्याकडं बघत राहिली.

नातीला सांगायचं तर ते कागदावर जाणार. कागद छापला जाणार. कैलास शिकलेला, तो वाचणार, आक्काला सांगणार. म्हणजे आधी आक्काला सांगायला हवं. नाही सांगावं तर पोरीचा महिना पाण्यात आणि वर तीच चुकली असं ठरायचं. हा काटा होता. ह्यांच्या नावाला बट्टा लागेल याची भीतीही असणार, मी नाही म्हणत नाही. पण त्यासाठी माणूस तीन वेळा भावजयीच्या दारातून परत येत नाही.

शनिवारी सकाळी आक्का ओट्यावर हरभरे पाखडत होती. हे या वेळी मधल्या दारानं गेले. मी मागून गेले, कारण दोघांपैकी कुणाला तरी पाणी लागणार हे मला दिसत होतं. ह्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाहीत.

आक्काचं सूप थांबलं. ती बराच वेळ हरभऱ्यांतला एक खडा शोधत राहिली.

“तुमी म्हनलात, सरकारनं कमी धाडली.”

“जेवडी लिवली तेवडी आली, वैनी.”

“मी दोन सांगितली.”

“व्हय.”

“तुमी तिला हंबरताना ऐकली.”

“ऐकली.”

“मंग लिवायची हुती.”

“तुमी सांगितली न्हाई.”

“मी सांगितली न्हाई, तुमी लिवली न्हाई.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “मंग माजी म्हस मारली कुनी, भाऊजी?”

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. आक्कानं तो घेतला नाही. ती आत गेली आणि मधल्या दाराला तिनं पलीकडून कडी घातली. त्या दाराला कडी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच दुपारी ह्यांनी स्नेहलला सांगितलं. मला वाटलं पोरगी चिडेल. तिनं कागदावर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाली, “आबा, म्हणजे दोन हजार तीनला खरी दोनशे पंचवीस होती. आणि सातला दोनशे एकोणीस. म्हणजे आपल्याकडंही कमीच झाली होती. तो चढ कागदावरचा आहे.”

“चढ मी केला,” हे म्हणाले.

“तुम्ही दुरुस्त केलं.”

“मग आदी बिगाडलं कुनी?”

तिला वाटलं ते समजलेत आणि तरी विचारतायत. मला माहीत होतं की ते खरंच विचारतायत. मग ह्यांनी विचारलं, हॉलंडमध्ये बाया गाय मागं ठेवत नाहीत का. स्नेहल म्हणाली, तिथं वासरू जन्मलं की लगेच कानात बिल्ला मारतात, नंबर वर जातो. आपल्याकडंही आता पिवळा बिल्ला आला आहेच की. हे म्हणाले, “बिल्ल्याला दृष्ट लागती का न्हाई, ते कुनी बघितलंय?” ती हसली, पण हे हसले नाहीत.

मॅडमना स्नेहलनं सगळं कळवलं. त्या म्हणाल्या, गाव ठेव, पण ज्यानं मोजलं त्याच्या हातचं लिहून आण. ह्यांनी रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कागद घेतला. दोन हजार तीनचं लिहिलं. सातचं लिहिलं. बारापाशी पेन थांबलं. एकशे नव्वद वहीत होती, तोवर गुरं एकोणपन्नास घरांत उरलेली, म्हणून त्यांतली एकोणपन्नास ह्यांची, पण त्या एकोणपन्नासांतली खरी किती आणि हवेतली किती, ते येईना. दुपारी हे वाडीत फिरून आले. तेरा वर्षांपूर्वी तू मला खरं सांगितलंस का गं, असं म्हाताऱ्या बायांना विचारत. एक म्हणाली सांगितलं. तिची सून म्हणाली, आत्याबाईंनी आयुष्यात सांगितलं नसेल. एकीनं विचारलं, आता काय चौकशी बसली का. आणि एक नुसतीच हसत सुटली. शेवटी ह्यांनी बाराच्या पुढं लिहिलं, ‘मला सांगता येत नाही’, आणि खाली सही केली. पस्तीस वर्षांत ह्यांनी आकड्याची जागा मोकळी सोडली नव्हती. कागद नातीच्या हातात देताना तो रकाना अंगठ्यानं झाकून दिला.

वाडीला बातमी कळायची ती कळलीच. पण झालं भलतंच. सोमवारपासून बाया स्नेहलकडं यायला लागल्या. आधी एक आली, म्हणाली माझी चारची पाच होती तेव्हा, पाचवीचं नाव रंगी. मग दुसरी आली. ज्यांनी वीस-वीस वर्षं नवऱ्यापुढंसुद्धा खरा आकडा तोंडानं काढला नव्हता, त्या ओट्यावर बसून मागं ठेवलेल्या म्हशीचं नाव, रंग, वेतं सगळं सांगत होत्या. जनावर मेलेलं किंवा विकलेलं, त्यामुळं दृष्टीची भीती नव्हती. स्नेहल लिहीत होती. सत्तावन्नांतली एकेचाळीस मिळाली. आक्का सोडली तर बाकीच्या घरांतल्या बाया वारल्या, नाहीतर जमीन विकून उर्से गावाकडं राहायला गेल्या. स्नेहल मला म्हणाली की सरकारी आकडा बदलता येत नाही, पण त्याच्या खाली ही यादी जोडता येते. मी विचारलं, या एकेचाळीस म्हशींचा ढेकर आता आपल्या देशाच्या नावावर लागणार का. ती म्हणाली, आजी, तो तेव्हाच लागला होता, फक्त लिहिला नव्हता. मग मी म्हटलं, आपण पूर्वी जास्त होतो हे कळल्यानं आपण आता कमी वाढलो असं दिसतं, म्हणजे आपल्या लबाडीनं देशाचं भलं झालं का वाईट. ती पुन्हा यादीतल्या म्हशी मोजायला लागली. तिचे मास्तर तिला काय शिकवतात कोण जाणे.

बेचाळिसावी आक्काची. ती काही आली नाही. मधलं दार बंदच होतं. पाणी, काडीपेटी, ताक, सगळं लांबून वळसा घालून न्यावं लागायचं. ताक मी देऊन यायचे, आक्का भांडं घ्यायची, धुऊन परत द्यायची, बोलायची नाही. माझ्याशी कशाचं भांडण, ते मला कळेना. मीही माझी एक मागं ठेवलीच होती की. हे जेवताना दाराच्या कडीकडं बघायचे. कैलास आला तो म्हणाला, काका, मला बारावीचं काही वाटत नाही, पण आईला वाटतं, तिला वाटू द्या. शहाणा आहे. गुलाबात राहून काटे कुठं धरायचे ते त्याला येतं.

स्नेहलनं यादीत आक्काची म्हैस ह्यांना विचारूनच लिहिली. ह्यांनी सांगितलं ते असं: म्हैस, काळी, तिसरं वेत, डावं शिंग कानाकडं वळलेलं. निघायच्या आदल्या दिवशी पोरीनं सगळी यादी ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवली, कुणाला काही बदलायचं असलं तर बदला म्हणून. दहा-बारा बाया जमल्या होत्या. आक्काचं नाव आलं, म्हैस आली, शिंग आलं.

आतून कडी निघाल्याचा आवाज झाला. आक्का मधल्या दारातून आली ती थेट ह्यांच्यासमोर.

“डावं न्हवं. उजवं.”

“डावं, वैनी,” हे म्हणाले. “मी तिला किती येळा धरली.”

“तुमी धरली ती दवाखान्यात. दावनीला मी बांदत हुते. उजवं शिंग खुट्याला घासायची.”

“घासायची ती डावं.”

“म्हस कुनाची?”

“म्हस तुमची. पन शिंग डावं.”

बारा दिवसांनी दोघं बोलत होती, आणि बोलत होती ती शिंगावरून. स्नेहल पेन हातात धरून एकदा आजोबांकडं, एकदा आक्काकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं, की तुला तरी ठाऊक असेल. मला आठवतं तसं त्या म्हशीची दोन्ही शिंगं सरळ होती. पण मी आत जाऊन चहाला आधण ठेवलं, दोन कप जास्तीचं.